जाहिरात निधीची वर्गणी आणि तिचा हिशेब

प्रश्न : एका साखळी उद्योगाची फ्रँचायझी घेण्याचा माझा विचार आहे. रॉयल्टीखेरीज एकूण विक्रीच्या 2 टक्के रक्कम दरमहा ‘सामाईक जाहिरात निधी’त भरावी, अशी अट कराराच्या मसुद्यात आहे. ही वेगळी वर्गणी कशासाठी? आणि आमच्या भागात जाहिरात झालीच नाही, तर ती थांबवता येईल का?

उत्तर : रॉयल्टी ही नाव आणि कार्यपद्धती वापरण्याचा मोबदला असते, ती कंपनीचे उत्पन्न होते आणि तिचा विनियोग कसा करावा हे कंपनी ठरवते. जाहिरात निधीतील पैसा मात्र सर्व शाखांनी मिळून एका ठरावीक कामासाठी जमा केलेला असतो, कारण एकट्या दुकानदाराला न परवडणारी मोठी जाहिरात शंभर जणांच्या वर्गणीतून करता येते. कल्पना रास्त आहे. वाद होतात ते हिशेबावरून.

2 टक्के हा आकडा दिसतो तितका लहान नाही, कारण तो नफ्यावर नव्हे, तर विक्रीवर लागतो. वर्गणी देण्यापूर्वी शंभरामागे आठ उरत असतील, तर त्यांतील दोन, म्हणजे नफ्याचा चौथा हिस्सा, या निधीत जातो आणि तोट्याच्या महिन्यातही ही वर्गणी चुकत नाही. म्हणून करारातील ‘एकूण विक्री’ची व्याख्या शब्दन् शब्द वाचावी. ग्राहकाकडून घेतलेला कर, परत आलेला माल आणि दिलेली सवलत त्यातून वगळली आहे का, तसेच घरपोच सेवा देणाऱ्या ॲपचे कमिशन कापण्यापूर्वीची रक्कम धरली आहे की नंतरची, हे त्यातूनच कळते. स्थानिक जाहिरातीवर स्वतंत्रपणे किमान खर्च करण्याची अट निराळ्या कलमात असू शकते. तीही शोधून याच बेरजेत धरावी.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक करारांपुरते ‘नाही’ असेच द्यावे लागते. प्रत्येक शाखेला तिच्या वर्गणीच्या प्रमाणात लाभ मिळेलच असे नाही, हे कंपन्या सहसा करारातच लिहून ठेवतात. त्यामुळे वर्गणी रोखणे हा आपल्याकडून करारभंग ठरू शकतो आणि फ्रँचायझी गमावण्याची वेळ येऊ शकते. आपल्या हाती खरा उपाय आहे तो हिशेब मागण्याचा, आणि तो हक्क सहीपूर्वीच करारात लिहून घ्यावा, असा माझा आग्रह आहे.

काय मागावे, याचा चांगला नमुना अमेरिकेतील नियमात सापडतो. तिथे कंपनीला सहीच्या किमान 14 दिवस आधी माहितीपत्रक द्यावे लागते आणि निधीतील किती टक्के रक्कम जाहिरात तयार करण्यावर, किती प्रसारणावर व किती प्रशासकीय कामावर खर्च झाली, हे त्यात सांगावे लागते. शिल्लक रकमेचे काय होते, कंपनीच्या स्वतःच्या शाखाही त्याच दराने वर्गणी देतात का आणि निधीचे लेखापरीक्षण होते का, हेही त्यात येते. ऑस्ट्रेलियातील संहितेनुसार तर कंपनीने स्वतः चालवलेल्या शाखांचीही वर्गणी इतरांप्रमाणेच भरावी लागते.

यांपैकी कंपनीच्या शाखांचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कंपनीचा स्वतःचा पैसा त्याच निधीत असेल, तर उधळपट्टीची झळ तिलाही बसते. प्रशासकीय खर्चाला कमाल मर्यादा आहे का, हेही पाहावे; ती नसेल, तर कंपनीच्या कार्यालयातील पगारही याच निधीतून निघू शकतात. नवे फ्रँचायझीधारक मिळवण्याच्या जाहिरातींवर हा पैसा खर्च होणार नाही, असे स्पष्ट वाक्य करारात असावे, कारण त्या जाहिरातींनी आपल्या दुकानात ग्राहक येत नाही.

वर्गणीचा दर वाढवण्याचा अधिकार कंपनीने राखून ठेवला असेल, तर त्याची वरची मर्यादा टक्केवारीत लिहून घ्यावी. सही करण्यापूर्वी कंपनीकडून मागील वर्षाचे निधीचे विवरणपत्र मागावे आणि सध्याच्या दोन-तीन फ्रँचायझीधारकांना ते वेळेवर मिळते का, हे प्रत्यक्ष भेटून विचारावे.