मुलीला एचआर घ्यायला लावू की सेल्स? आणि तो ३९ टक्केवाला मेसेज

बार्शीहून एका वडिलांचं पत्र आलंय. त्यांचं किराणा होलसेलचं दुकान आहे, मुलगी पुण्यात एमबीएच्या पहिल्या वर्षाला. आता स्पेशलायझेशन निवडायचंय आणि उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपसाठी दोन कंपन्यांकडून हो आलंय, एक हिंजवडीत आयटी कंपनीत एचआरला, दुसरी साबण-शाम्पूवाल्या कंपनीत सेल्सला, एरिया लातूर-धाराशिव-नांदेड. वडिलांना वाटतं एचआर बरं, एसीत बसून काम, उन्हातान्हात फिरणं नाही. मुलगी म्हणते मला पार वरपर्यंत जायचंय, आणि तिने बाबांना एक मेसेज दाखवला की ज्या कंपन्यांत वरच्या खुर्च्यांवर बायका जास्त त्या ३९ टक्के जास्त कमावतात, त्यामुळे आता कंपन्या बायकांना शोधत येणार, मी एचआरमधून गेले काय आणि सेल्समधून गेले काय. शेवटी त्यांनी विचारलंय, "मॅडम हे खरं आहे का? खरं असेल तर मी गप्प बसतो."

दादा, नमस्कार.

गप्प बसू नका हो. पण आधी मेसेजचं बघू, कारण तो अर्धा खरा आहे आणि असले मेसेज पूर्ण खोट्यापेक्षा जास्त घोळ घालतात.

तो आकडा हवेतला नाहीये. मॅकिन्झी म्हणून मोठी सल्लागार कंपनी आहे, ती दर दोन-तीन वर्षांनी असा अहवाल काढते. २०१५ ला त्यांनी १५ टक्के सांगितलं, २०१८ ला २१, २०२० ला २५ आणि २०२३ ला ३९. पण हे नफा ३९ टक्के जास्त असं नाहीये बरं का. मोठमोठ्या कंपन्यांचे चार गट करायचे, वरच्या मॅनेजमेंटमध्ये सगळ्यात जास्त बायका असलेला एक गट आणि सगळ्यात कमी असलेला एक गट घ्यायचा, आणि मग बघायचं की चांगली कमाई करणाऱ्या कंपन्या कुठल्या गटात जास्त सापडतात. पहिल्या गटात सापडण्याची शक्यता ३९ टक्के जास्त, एवढंच ते वाक्य आहे. बायकांमुळे सापडतात का, ते त्यात कुठेच नाही.

तुम्ही दुकानदार माणूस, तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. समजा बार्शीत कुणी फिरून मोजलं आणि असं निघालं की ज्या दुकानात गल्ल्यावर घरातली बाई बसते ती दुकानं जास्त चालतात, तर आता ती बसली म्हणून दुकान चाललं की दुकान चालायला लागलं, गिऱ्हाईक वाढलं, एकट्याला आवरेना म्हणून ती येऊन बसली? बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसणार. मॅकिन्झीच्या सुरुवातीच्या अहवालांवर अभ्यासकांनी नेमकं इथेच बोट ठेवलं, नफ्याचे आकडे आधीच्या चार-पाच वर्षांचे आणि वरच्या खुर्च्यांवर कोण बसलंय याची मोजणी त्यानंतरची. (तुमच्या गल्ल्यावर कोण बसतं ते तुम्ही लिहिलं नाहीत, आणि तिच्या आईचं मतही पत्रात कुठे दिसलं नाही, सहज विचारलं.)

आणि याचं उलटंही झालंय. २००३ मध्ये लंडनच्या द टाइम्समध्ये आलं की ज्या ब्रिटिश कंपन्यांच्या बोर्डावर (संचालक मंडळावर) बायका जास्त त्यांचे शेअर जास्त आपटले, म्हणजे बायका आल्या आणि वाट लागली असा एकूण सूर. मग मिशेल रायन आणि अलेक्स हॅस्लम या एक्सेटर विद्यापीठातल्या दोघांनी तारखा नीट लावून बघितल्या तर निघालं काय, की बाजार पडलेला असताना ज्या कंपन्यांनी बाईला बोर्डावर घेतलं त्यातल्या बऱ्याचशा आधीच्या काही महिन्यांपासूनच घसरत होत्या. गाडी उताराला लागली की स्टिअरिंग बाईच्या हातात द्यायचं आणि मग म्हणायचं बघा, हिला चालवता येत नाही. यावर त्यांनी २००५ ला पेपर लिहिला.

नॉर्वेचं उदाहरण तर फार मजेशीर आहे. तिथे २००३ मध्ये कायदाच केला, पब्लिक लिमिटेड कंपन्यांच्या बोर्डावर किमान ४० टक्के बायका पाहिजेत, आणि २००८ पर्यंत नाही केलं तर कंपनी बंद करण्यापर्यंत कारवाई. म्हणजे ज्यांना नको होतं त्यांनाही घ्याव्या लागल्या, त्यामुळे अभ्यास करणाऱ्यांना आयता प्रयोग मिळाला. २०१२ मध्ये दोन अमेरिकी प्राध्यापकांनी हिशोब मांडला की कंपन्यांची किंमत चांगलीच घसरली, आणि कारण बाईपण नाही तर नव्याने आलेले डायरेक्टर वयाने लहान आणि मोठ्या पदाचा अनुभव कमी. नंतर दुसऱ्या टीमने तोच काळ पुन्हा तपासला आणि सांगितलं की म्हणावा असा फरक दिसतच नाही. देश तोच, कायदा तोच आणि उत्तरं दोन. असे शंभर-दीडशे अभ्यास एकत्र करून बघणारेही आहेत, त्यांना मिळालेलं उत्तर साधारण असं की थोडासा चांगला संबंध दिसतो, कधी शून्याच्या जवळ, तोटा काही नाही.

मला त्यातला एक अभ्यास तुमच्या लेकीच्या कामाचा वाटतो. २०१६ मध्ये वॉशिंग्टनच्या पीटरसन इन्स्टिट्यूटने ९१ देशांतल्या जवळपास २२ हजार कंपन्या बघितल्या. सीईओ बाई आहे की पुरुष याने नफ्यात काही फरक दिसला नाही. पण सीईओच्या खालची जी फळी असते, धंदे सांभाळणारे, खाती सांभाळणारे, तिथे बायका असणं आणि नफा यांचा संबंध सगळ्यात पक्का दिसला. हाही संबंधच, पुन्हा गल्ल्याचा प्रश्न आहेच. पण मला त्यातून जे दिसतं ते असं की एकटी बाई वर नेऊन बसवली की जादू होत नाही, खालून फळी तयार व्हावी लागते, आणि तुमची लेक आज त्या फळीच्या पहिल्या पायरीवर उभी आहे.

आपल्याकडे काय झालं ते आठवा. कंपनी कायदा २०१३ आला, त्यात लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपन्यांना किमान एक महिला डायरेक्टर सक्तीची, सेबीने (शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) आधी ऑक्टोबर २०१४ ची मुदत दिली, मग वाढवून १ एप्रिल २०१५ केली. आणि मार्च संपता संपता जी धावपळ झाली विचारू नका, कितीतरी प्रमोटरांनी, म्हणजे कंपनीच्या मालक कुटुंबांनी, घरातल्याच बायकोला, सुनेला, बहिणीला सहीपुरतं बोर्डावर घेतलं. शेवटी सेबीला सांगावं लागलं की बाई इंडिपेंडंट पाहिजे, घरची नको, आधी बाजारमूल्याने वरच्या ५०० कंपन्यांना २०१९ पासून आणि मग १००० कंपन्यांना २०२० पासून. त्यामुळे कंपन्या बायकांना शोधत येणार हे मुलीचं म्हणणं चूक नाही, येतायत, पण ज्यांना शोधतायत त्या पन्नाशीच्या, धंदा चालवलेल्या, बॅलन्स शीट कोळून प्यायलेल्या बायका आहेत. त्या कुठे मिळतात? पंचवीस-तीस वर्षांपूर्वी कुणीतरी सेल्स, फॅक्टरी, क्रेडिट, अकाउंट्स अशा खात्यात त्यांना घेतलं होतं, तिथे मिळतात. तेव्हा घेतलं नसेल तर मिळत नाहीत आणि मग लोक म्हणतात लायक बायकाच नाहीत हो.

आता तुमचा खरा प्रश्न.

कंपनीत ढोबळ दोन प्रकारची कामं असतात. एक, ज्याचा नफा-तोटा तुमच्या नावावर लिहिला जातो. दुसरं, जे त्या लोकांना मदत करतं. मी स्वतः अकरा वर्षं एचआरमध्ये होते, काम आवडायचं, अजूनही आवडतं, पण अप्रेझलला सेल्सवाल्याच्या नावापुढे आकडा असायचा आणि माझ्या नावापुढे परिच्छेद. मनमिळाऊ, सर्वांना सांभाळून घेते, वगैरे. वर कुणाला न्यायचं अशी मीटिंग लागली की आकडे वाचले जायचे, परिच्छेद कोण वाचतो? आणि आमच्याकडे मुली आल्या की आपोआप एचआर, ट्रेनिंग, कम्युनिकेशन इकडे वळवल्या जायच्या, कुणी वाईट हेतूने नाही, अगदी तुमच्यासारखंच, काळजीने.

तुम्ही म्हणाल लीना नायर. कोल्हापूरची मुलगी, सांगलीच्या वालचंदला इंजिनिअरिंग, मग जमशेदपूरला एक्सएलआरआय, १९९२ ला हिंदुस्तान लिव्हर (आताची हिंदुस्तान युनिलिव्हर), सगळं करिअर एचआरमध्ये आणि २०२२ पासून शनेल या फ्रेंच फॅशन कंपनीची जगाची सीईओ. खरंच आहे. पण एक तर एवढ्या मोठ्या कंपनीच्या सीईओपदी थेट एचआरमधून जाणारी माणसं इतकी कमी की तेव्हा सगळ्या जगाने बातमी केली, आणि दुसरं म्हणजे त्यांची सुरुवात एसीतली नव्हती, फॅक्टऱ्यांमधली होती, कोलकाता, अंबत्तूर, आपलं तळोजा. त्याच कंपनीतल्या प्रिया नायर बघा, पुण्याच्या सिम्बायोसिसमधून शिकून १९९५ ला लागल्या, ब्रँड सांभाळले, मग होम केअर, मग ब्यूटी असे अख्खे धंदे सांभाळले आणि २०२५ मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हरच्या पहिल्या महिला सीईओ झाल्या. विभा पडळकर चार्टर्ड अकाउंटंट, एचडीएफसी लाइफ या विमा कंपनीच्या सीएफओ, म्हणजे पैशांचा हिशोब बघणाऱ्या प्रमुख, होत्या, २०१८ पासून सीईओ. नेहमीचा रस्ता हा आहे.

तर वरपर्यंत जायचंय हे मुलीने नक्की ठरवलं असेल तर सेल्सची इंटर्नशिप घेऊ दे. दोन महिनेच आहेत. नाही जमलं तर कळेल तरी, तेही लवकर कळेल. पण तिला खरोखर एचआरच आवडत असेल तर माझ्या या पत्राचा धाक दाखवून तिला सेल्सला ढकलू नका, फक्त हिंजवडीपेक्षा चाकण-रांजणगावला एखाद्या प्लांटमध्ये एचआर मिळतंय का बघायला सांगा, युनियन, कॉन्ट्रॅक्ट लेबर, शिफ्ट, तिथे एचआर शिकायला मिळतं.

तुमची काळजी मी हसण्यावारी नेत नाहीये. लातूर-नांदेडला दिवसभर बीट करायची म्हणजे तीस-चाळीस दुकानं, मे महिना, आणि कुणी बोलत नाही ती गोष्ट म्हणजे बाजारपेठेत बाईने बाथरूमला कुठे जायचं. पाणी कमी पिऊन दिवस काढणाऱ्या मुली मी बघितल्यात, दुखणी लावून घेतात. (तुमच्या दुकानात आहे का सोय? कंपनीची मुलगी आली तर विचारायला लाजेल, तुम्हीच सांगत जा.) हे सगळं तिने कंपनीला आधीच विचारायचं, बीटवर सोबत कोण, मुक्काम कुठे, गाडी कोणाची, त्या एरियात आधी मुलगी होती का आणि तिचा नंबर मिळेल का, छळाची तक्रार करायची तर कंपनीच्या अंतर्गत समितीत कोण आहे. चांगल्या कंपनीकडे याची उत्तरं तयार असतात. जी कंपनी म्हणेल "अहो आमच्याकडे सगळे फॅमिलीसारखे आहेत", तिथे जरा सावध.

आणि तिला एक गृहपाठ. कंपनी लिस्टेड असेल आणि वरच्या हजारात असेल तर तिच्या वार्षिक अहवालात बीआरएसआर (बिझनेस रिस्पॉन्सिबिलिटी अँड सस्टेनेबिलिटी रिपोर्ट) नावाचा भाग असतो, २०२२-२३ पासून सक्तीचा आहे, बीएसईच्या साइटवर फुकट मिळतो. तिथे बोर्डावर बायका किती हे पहिल्यांदा दिसेल, ते सोडून द्यायचं, तो कायद्याचा आकडा आहे. कर्मचारी सोडून जाण्याचं प्रमाण पुरुष-बायका वेगवेगळं दिलेलं असतं ते बघायचं. आणि मग खाली शोधायचं, बाळंतपणाच्या रजेवरून किती जणी परत आल्या आणि परत आलेल्यांपैकी वर्षभरानंतर किती टिकल्या. दोन आकडे वेगवेगळे असतात. पहिला बहुतेक ठिकाणी छान असतो, सगळे दाखवायला ठेवतात तसा, दुसरा बघा. २६ आठवड्यांची रजा २०१७ पासून कायद्याने आहे, पण परत आल्यावर तिला तिचा जुना एरिया मिळतो की कोपऱ्यात बसवतात ते त्या दुसऱ्या आकड्यात दिसतं, आणि ज्या कंपनीत बायका तिथे गळतात त्या कंपनीत वरची फळी कधी तयार होणारच नाही, मग बोर्डावर कुणाचीही सून बसू दे.

अजून एक, हो म्हणायच्या आधी तिला एखाद्या शनिवारी बार्शीला बोलवा. तुमच्याकडे त्या कंपन्यांचे सेल्समन येतच असतील, त्यांच्यातला एखादा बरा बघून त्याच्याबरोबर सकाळी दहा ते संध्याकाळी सहा तिला बीटवर पाठवा. उधारी मागणारा, स्कीम विचारणारा, जुना माल परत घ्या म्हणून भांडणारा दुकानदार तिने काउंटरच्या आतून आयुष्यभर बघितलाय, एकदा बाहेरून बघू दे. एमबीएच्या वर्गातल्या बाकीच्या मुलांकडे हे भांडवल नाहीये, हे तिला कुणी सांगितलंय की नाही माहीत नाही.

इंटर्नशिपचं उत्तर कधीपर्यंत कळवायचंय ते तुम्ही लिहिलं नाहीत. आजच फोन करून विचारा, बऱ्याच कॉलेजांत प्लेसमेंट सेल आठवड्याच्या वर थांबत नाही.