राजकीय दडपशाहीत लोकांना वाटणारी भीती चित्रकला कशी व्यक्त करते?

माझ्या मते ती बहुधा न दाखवलेल्या चेहऱ्यांतून व्यक्त होते. नेपोलियनच्या फौजेने माद्रिदमध्ये केलेल्या कत्तलीचे '३ मे १८०८' हे चित्र स्पॅनिश चित्रकार गोयाने १८१४ साली रंगवले. त्यात बंदुका रोखलेल्या सैनिकांचे चेहरे दिसतच नाहीत, जमिनीवरच्या कंदिलाचा सगळा उजेड पांढऱ्या सदऱ्यातल्या, हात पसरलेल्या माणसावर पडतो आणि मागे पाळीची वाट पाहणारे लोक हातांनी तोंड झाकून घेतात. माझी नजर दर वेळी त्या झाकलेल्या तोंडांवरच खिळते. चित्राची धास्ती सत्तेलाही असते: चित्रकार चित्तप्रसाद यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची जी रेखाटने केली, त्यांच्या पुस्तिकेच्या प्रती इंग्रज सरकारने नष्ट केल्या.

आम्हा बेळगावकरांना हे परके नाही. २०१४ साली कर्नाटकातल्या, बेळगावजवळच्या येळ्ळूर गावचा 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक पाडला गेला आणि गावात लाठीमार झाला. त्यानंतर माझ्याकडे चित्रकला शिकणाऱ्या एका मुलाने गावाची वेस काढली, तेव्हा त्याने झाडे, म्हशी, एसटी सारे मन लावून रंगवले, फलकाची जागा मात्र कोरी सोडली आणि घरांची सगळी दारे बंद दाखवली.