हॉलचे चार हजार रुपये

पोळ्यानंतर आणि दिवाळीनंतर माझ्याकडे एकाच धाटणीची पत्रं येतात. पत्ते खेळताना धाड पडली, समन्स आलं, आता दंड भरून मोकळं व्हावं का? या वेळचं पत्र नागपुरातल्या त्रिमूर्तीनगरच्या एका बँक कर्मचाऱ्याचं आहे. २०२४ चा प्रजासत्ताक दिन शुक्रवारी आला होता. कॉलेजपासूनचे अठरा मित्र तीन दिवस पेंचच्या वाटेवरच्या एका रिसॉर्टवर गेले. शनिवारी, २७ जानेवारीला, रात्रीची जेवणं आटोपल्यावर त्यांनी आपापसात पोकरची स्पर्धा लावली. प्रत्येकी २,००० रुपये, जमा ३६,०००. पहिल्याला १८,०००, दुसऱ्याला १०,८००, तिसऱ्याला ७,२००. पावणेबाराला पोलिसांचं पथक हॉलमध्ये शिरलं. रिसॉर्टच्या मॅनेजरवर जुगार प्रतिबंधक कायद्याचं कलम ४ लागलं, या अठरा जणांवर कलम ५. दोषारोपपत्र ७ मार्च २०२५ ला दाखल झालं आणि समन्स हातात पडलं आत्ता, धाडीनंतर दोन वर्षांनी. ओळखीचा एक जण म्हणाला, "पहिल्याच तारखेला कबूल करून टाक भाऊ, दोन-तीनशे दंड, विषय खतम." वाचक मला विचारतात, "मॅडम, तसं करू का?"

नका करू. हा सल्ला देणाऱ्याने कलम ५ उघडून पाहिलेलं नाही. पहिल्या गुन्ह्यालाही त्यात किमान एक महिना कैद आणि वर किमान २०० रुपये दंड लिहिला आहे. कमाल कैद सहा महिने. तुमचा ओळखीचा ज्या दंडाच्या गोष्टी सांगतो, त्या बहुतेक रस्त्यावर किंवा चावडीशेजारी पकडलेल्यांच्या असतात. त्यांना कलम १२ लागतं, तुम्हाला लागलेलं नाही. शिवाय तुम्ही बँकेत आहात. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाला बँकेने नोकरीत ठेवू नये, असं बँकिंग नियमन कायद्याचं कलम १० सांगतं. खासगी पत्त्यांचा डाव त्यात बसत नाही असा युक्तिवाद करता येतो, मी स्वतः करीन. पण कबुली देऊन दोषी ठरलात, की तो युक्तिवाद तुम्हाला विभागीय चौकशीत, नोकरी पणाला लावून करावा लागेल. आणि कबुलीवर दोषी ठरलेल्याला अपील जवळजवळ उरत नाही. शिक्षा जास्त झाली किंवा बेकायदा झाली, एवढंच वर जाऊन म्हणता येतं.

तुमच्या पत्राची तीन पानं पोकर हा बुद्धीचा खेळ कसा, हे सांगण्यात गेली आहेत. त्यावर मी थोडक्यात लिहिते, कारण तुमचा खटला त्या खुंटीवर टांगायची माझी तयारी नाही. कलम १३ निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट देतं, हे खरं. पण पोकर त्यात येतो का, यावर उच्च न्यायालयांत एकमत नाही. अलाहाबादने २०२४ मध्ये खेळणाऱ्यांच्या बाजूने कल दाखवला. गुजरातच्या एकल न्यायाधीशांनी २०१७ मध्ये पोकर नशिबाचा खेळ ठरवला, आणि गुजरातचा कायदा म्हणजे आपलाच १८८७ चा मूळ मुंबई कायदा आहे. तालुक्याच्या न्यायालयात सरकारी वकील तोच निकाल पुढे ठेवतील. मुद्दा लेखी मांडायचा, सोडायचा नाही, पण त्याच्या भरवशावर झोपायचं नाही.

खेळता खेळता तुम्ही लवकर बाद झाला होता आणि धाड पडली तेव्हा बाजूला बसून पाहत होता, हेही तुम्ही अधोरेखित केलं आहे. त्याचा उपयोग नाही. खेळ चालू असताना जो तिथे सापडला तो खेळायलाच आला होता, असं कलम ५ गृहीत धरतं. उलट सिद्ध करणं तुमच्यावर येतं.

आता ज्या शब्दावर सगळं अडकलं आहे तो घ्या. कलम ४ आणि कलम ५ दोन्हींना 'जुगाराचा अड्डा' लागतो. कलम ३ मध्ये अड्ड्याची व्याख्या आहे: जिथे जुगाराचं साहित्य जागेच्या मालकाच्या, वापरणाऱ्याच्या किंवा चालवणाऱ्याच्या नफ्यासाठी ठेवलं किंवा वापरलं जातं. तो नफा जागेचं भाडं, साहित्याचं भाडं किंवा आणखी कुठल्याही रूपात असला तरी चालतो. आपल्याकडे त्याला नाल म्हणतात. अड्डेवाला प्रत्येक डावामागे काढून घेतो ती नाल. नाल नसेल तर अड्डा नाही, आणि अड्डा नसेल तर कलम ५ लावायला जागाच राहत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा १९६७ चा के. सत्यनारायण निकाल वकिलाला वाचायला द्या. तो न्या. हिदायतुल्ला यांनी लिहिला आहे, आपल्या नागपूर उच्च न्यायालयाचे एकेकाळचे मुख्य न्यायाधीश. सिकंदराबादच्या एका क्लबात रमी पैशांवर चालायची आणि क्लब खेळणाऱ्यांकडून शुल्क घ्यायचा. सगळे त्या निकालातलं 'रमी हा कौशल्याचा खेळ' एवढंच सांगत फिरतात. त्यापुढचं वाक्य तुमच्या कामाचं आहे: जागेचा मालक किंवा क्लब खेळातून नफा काढतोय असं दिसलं, तर रमी असो वा दुसरा कुठला खेळ, गुन्हा होऊ शकतो. क्लब सुटला, कारण घेतलेले पैसे सोयीसुविधांचे वाटले, खेळातला वाटा वाटले नाहीत.

म्हणून मी तुमच्याकडून पंचनाम्याची प्रत मागवली. त्यात नेहमीची भाषा आहे: "५२ पत्त्यांवर पैशांची बाजी लावून हारजीतचा जुगार खेळत असताना मिळून आले." पत्त्यांचे चार कॅट, प्लास्टिकचे रंगीत बिल्ले ५४० नग, पाकिटात रोख ३६,०००, मोबाइल ११. अंगझडतीत मिळालेली प्रत्येकाच्या खिशातली रक्कमही 'डावावरील' म्हणून लिहिली आहे, जी डावावर नव्हतीच. पण नाल काढल्याचा एक शब्दही पंचनाम्यात नाही. हे तुमच्या बाजूचं आहे.

विरुद्ध बाजूला मॅनेजरचा जबाब: "हॉलचे ४,००० रुपये घेतले." आणि ते पैसे यूपीआयने पाठवले कोणी? तुम्ही. सोबतच्या टिपेत तुम्ही टाइप केलं, "पोकर हॉल". हे वाचून मला खरोखर राग आला. पैसे पाठवताना दोन शब्द लिहायचा मोह प्रत्येकाला होतो, पण तेच दोन शब्द आज सरकारी वकिलाच्या हातात आहेत.

तो हॉल रिसॉर्ट सगळ्यांनाच ४,००० ला देतं का? वाढदिवसाला, साखरपुड्याला, कंपनीच्या बैठकीला? देत असेल तर ते सभागृहाचं भाडं आहे, जुगारातली नाल नाही, असा आपला बचाव उभा राहतो. पत्त्यांसाठी म्हणून वेगळे किंवा जास्तीचे घेतले असतील तर व्याख्येतला 'जागेचं भाडं' हा शब्द मॅनेजरला चिकटेल आणि त्याच्यामागून तुम्हालाही ओढेल. तेव्हा रिसॉर्टचं मूळ बिल, त्यावरची जीएसटीची ओळ, छापील दरपत्रक आणि जमलं तर त्याच महिन्यातलं दुसऱ्या कुठल्या कार्यक्रमाचं हॉलचं बिल मिळवा. मॅनेजर सहआरोपी आहे, हे कागद त्यालाही वाचवतात. तो नाही म्हणणार नाही. मात्र त्याच्याशी बोलणं तुमच्या वकिलामार्फत होऊ द्या.

दुसरा कागद तुमच्याकडे होता आणि तो तुम्ही घालवलात. स्पर्धा लावणाऱ्या मित्राने त्या दुपारी व्हॉट्सॲप ग्रुपवर हिशेब टाकला होता: ३६ जमा, ३६ वाटप, आपल्याकडे रुपया राहत नाही. तो स्वतःही २,००० भरूनच बसला होता. कोणी नाल काढली नाही याचा, घटनेच्या आधी लिहिलेला, याहून चांगला पुरावा शोधून मिळायचा नाही. आणि समन्स आलं त्या रात्री घाबरून तुम्ही सध्याच्या फोनवरचा चॅट पुसून ग्रुपमधून बाहेर पडलात! खटला सुरू असताना काहीही पुसायचं नसतं. निर्दोष माणसाचा पुसलेला कागदही लपवाछपवीसारखा दिसतो. अजून सतरा जण आहेत. ज्याच्या फोनमध्ये तो हिशेब शाबूत आहे त्याला आज सांगा: फोन बदलू नकोस, ॲप काढू नकोस. न्यायालयात तो दाखवायला इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागेल, ते वकील तयार करतील. तुमचा जप्त झालेला फोन दोन वर्षांपासून मुद्देमालात पडून आहे आणि सुपूर्दनाम्यावर, म्हणजे न्यायालय मागेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, परत मागायचा साधा अर्जही तुम्ही केला नाही. आता करताना आधी वकिलाला विचारा, कारण त्या फोनमध्येही हा हिशेब आहे आणि तो जिथे आहे तिथे मुद्देमाल म्हणून राहण्यातही फायदा असू शकतो.

आता धाडीच्या वॉरंटचं. कलम ६ प्रमाणे अशा जागेत शिरायला विशेष वॉरंट लागतं. शहरात ते पोलीस आयुक्त देतात, जिल्ह्यात दंडाधिकारी किंवा अधिकार असलेला वरिष्ठ पोलीस अधिकारी. वॉरंट नियमाप्रमाणे असेल तर कलम ७ पोलिसांच्या मदतीला येतं: साहित्य सापडलं म्हणजे जागा अड्डा, असं उलट सिद्ध होईपर्यंत मानलं जातं. वॉरंट नसेल, किंवा त्यात खोट असेल, तर ही मदत जाते आणि नाल घेतली हे त्यांना स्वतः सिद्ध करावं लागतं. तुमच्या फिर्यादीत "गुप्त बातमीदारामार्फत माहिती मिळाल्याने" एवढंच आहे. दोषारोपपत्रासोबत वॉरंटची प्रत आहे का, हे पान पान उलटून पाहा. तुम्ही पाठवलेल्या कागदांत मला ती दिसली नाही.

आणि मुदत. ही गोष्ट तुमच्या ओळखीच्यानेही सांगितली नाही आणि तुम्हीही विचारली नाही. एक वर्षापर्यंत कैदेच्या गुन्ह्याची दखल एका वर्षानंतर न्यायालयाने घ्यायची नाही, असं जुन्या फौजदारी संहितेचं कलम ४६८ होतं. कलम ५ ची कमाल कैद सहा महिने, म्हणजे मुदत एक वर्ष: २७ जानेवारी २०२५ ला संपली. दोषारोपपत्र आलं ७ मार्चला. ३९ दिवस उशिरा. सारा मॅथ्यू प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की मोजायची तारीख खटला दाखल झाल्याची, समन्स निघाल्याची नाही. त्यामुळे समन्स दोन वर्षांनी आलं, हा तुमच्या पत्रातला मुद्दा कायद्याने काही देत नाही. शिक्का पाहायचा तो दाखल झाल्याच्या तारखेचा.

इथे सरकारी वकील दोन गोष्टी म्हणतील. पहिली, एकत्र चालणाऱ्या गुन्ह्यांत मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्याची मुदत धरतात. कलम ४ ला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, म्हणून मुदत तीन वर्षं. म्हणजे पुन्हा मॅनेजरवरचं कलम ४ टिकतं का, म्हणजे पुन्हा तेच ४,००० रुपये. दुसरी, जुन्या फौजदारी संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत मुदतीसाठी एफआयआर नोंदल्याची तारीखच धरायची असं स्पष्टीकरण घातलं आहे. तुमची धाड आणि एफआयआर त्याआधीची, तेव्हा चालू असलेला तपास जुन्या संहितेनेच पुढे जातो, असं आपण म्हणू. दोषारोपपत्र मात्र नंतरचं आहे, म्हणून यावर खरा वाद होईल आणि निकालाची हमी मी देणार नाही. उशीर माफ करण्याचा अधिकारही न्यायालयाला आहे. तो वापरला असेल तर रोजनाम्यात, म्हणजे खटल्याच्या तारीखवार कामकाजाच्या नोंदीत, तसं लिहिलेलं हवं, आणि त्याआधी तुम्हाला ऐकून घ्यायला हवं होतं. रोजनाम्याची प्रमाणित प्रत याच आठवड्यात मागा. नक्कल विभागात किती दिवस जातात ते मला ठाऊक आहे, म्हणून 'तारखेच्या आदल्या दिवशी बघू' हे चालायचं नाही.

हे सगळं मांडायचं कुठे? तुमचा हा समन्स खटला, म्हणजे कमी शिक्षेच्या गुन्ह्याचा खटला; त्यात आरोपमुक्तीचा नेहमीचा अर्ज चालत नाही, पण पोलिसांनी दाखल केलेला समन्स खटला प्रथम वर्ग दंडाधिकारी मधेच थांबवू शकतात. जुन्या संहितेत ते कलम २५८ होतं. पहिला अर्ज तो. फेटाळला तर सत्र न्यायालयात जायचं की सिव्हिल लाइन्सला उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे, हे रोजनामा पाहिल्यावर ठरवता येईल. अठरा जणांनी अठरा वकील करू नका, आणि कोणी एकट्याने घाईने कबुलीही देऊ नये. एकाने "हो, अड्डा होता" म्हटलं तर कायद्याने ते बाकीच्यांना बांधत नसलं, तरी पुढची तारीख जड जाते.

बँकेला कळवलं नाही, असं तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलं आहे. तुमच्या सेवा नियमांत प्रलंबित फौजदारी खटल्याबद्दल काय आहे ते मला नियम पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. पुस्तिका वकिलाकडे घेऊन जा. पासपोर्टचं नूतनीकरण तोंडावर असेल तर अर्जात खटला लपवू नका, न्यायालयाची परवानगी मागा.

तारखेला वेळेवर हजर राहा. न्यायाधीश समोर बोलावून आरोपाचा सारांश वाचून दाखवतील आणि विचारतील, "गुन्हा कबूल आहे का?" बाहेर बाकावर बसलेला कोणी ना कोणी तोवर तुमच्या कानात पुन्हा 'हो म्हण' म्हणालेला असेल. तुम्ही म्हणायचं, "कबूल नाही," आणि अर्ज वकिलाच्या हातात तयार असला पाहिजे.