रविवार सगळाच शर्यतीचा नाही

लांब पल्ल्याच्या शर्यतींविषयी यावेळी आलेल्या पत्रांत अडचण एकच आहे, घरं मात्र वेगवेगळी: तयारीला वेळ आणायचा कुठून? निवडक पत्रं संक्षिप्त करून घेतली आहेत.

प्रश्न : वय ३९. घर नागपुरात मनीषनगरला, नोकरी हिंगणा एमआयडीसीत, अंतर एका बाजूने पंधराएक किलोमीटर. मुलीची स्कूल व्हॅन पावणेसातला येते. पोहता येतं, दोन हाफ मॅरेथॉन झाल्या आहेत. पुढच्या वर्षी हाफ आयर्नमॅन करायचं मनात आहे; पण सापडलेलं प्रत्येक वेळापत्रक आठवड्याला बारा तास मागतं. मला ओढूनताणून सात मिळतात. नाद सोडून देऊ का?

सोडू नका. १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल आणि २१.१ किमी धावणं, तेही साडेआठ तासांच्या मुदतीत, एवढं पूर्ण करण्याची तयारी सात तासांत होते. त्यासाठी आधीचा पाया लागतो, तो तुमच्याकडे आहे. शिवाय किमान २० आठवडे हाताशी ठेवा.

पहिलं काम कागदावरचं. कोरा आठवडा आखा आणि त्यात घरातल्या न हलणाऱ्या वेळा आधी भरा: व्हॅन, शिफ्ट, आईवडिलांची औषधं आणि डॉक्टर, मुलांचे क्लास, पत्नीचा स्वतःचा वेळ. मग उरलेल्या जागेत व्यायाम बसवा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. तयार वेळापत्रक आणतात, घर त्यात कोंबतात आणि तिसऱ्या आठवड्यात दोन्हीकडून बोलणी खातात. हा कागद पत्नीसोबत बसून भरा, आणि प्रवेश फी भरायच्या आधी भरा. फी बहुधा परत मिळत नाही, त्यामुळे नंतर झालेली चर्चा ही चर्चा राहत नाही.

तुमच्या सात तासांची वाटणी अशी करता येईल. मंगळवारी पहाटे ५० मिनिटं धावणं: १२ मिनिटं सावकाश, मग ३ मिनिटं जोरात आणि २ मिनिटं हळू असं सहा वेळा, शेवटी ८ मिनिटं सावकाश. बुधवारी ऑफिसातून परतताना ४५ मिनिटं पोहणं: २०० मीटर सावकाश, ५० मीटर चार वेळा फक्त तंत्रासाठी, १०० मीटर आठ वेळा मध्ये २० सेकंद थांबून, पुन्हा २०० सावकाश. गुरुवारी पहाटे ट्रेनरवर (सायकल घरात एका जागी चालवायचा स्टँड) तासभर, त्यात १० मिनिटांचे तीन जोरकस तुकडे. शनिवारी ७५ ते ९० मिनिटं संथ धावणं. रविवारी तीन तास सायकल. दर दुसऱ्या रविवारी सायकल अडीच तासांवर आणा आणि उतरल्या उतरल्या २० मिनिटं धावा. पाय जड पडतात ते याच वीस मिनिटांत, आणि शर्यतीतही तिथेच पडतात. सोमवार आणि शुक्रवार मोकळे. शेवटचे आठ आठवडे पोहणं दोनदा करा, त्यासाठी शनिवारचं धावणं तासावर आणा.

आठवड्यातून एकदा सायकलने ऑफिसला गेलात तर घरचा फारसा वेळ न घेता तीसेक किलोमीटर होतात. ते संथच ठेवा. हिंगणा रोडवर ट्रकांच्या गर्दीत वेग वाढवण्यात शहाणपण नाही. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.

एक हिशोब सहसा धरला जात नाही. हवा भरणं, बाटली शोधणं, चार्जिंग, मोजे यात दर वेळी पंधरा-वीस मिनिटं जातात, म्हणजे आठवड्याला दीड तास. रात्रीच टायर दाबून बघा, बाटल्या भरून फ्रिजमध्ये ठेवा, कपडे बाथरूममध्ये टांगा. सकाळी बेडरूमचा दिवाही लागणार नाही, आणि घरातल्यांना ते खूप मोलाचं वाटतं.

झोपेतून मात्र वेळ कापू नका. साडेचारला उठायचं तर साडेनऊला अंथरुणावर हवं. हे रोज जमणार नाही म्हणूनच वर पहाटेच्या जोरकस वेळा दोनच ठेवल्या आहेत. सहा तासांपेक्षा कमी झोप झाली असेल त्या दिवशी जोराचा व्यायाम रद्द करा आणि झोपा. त्या अवस्थेत केलेल्या जोरकस तुकड्यांचा फायदा थोडा, दुखापतीचा आणि गाडी चालवताना डुलकी लागण्याचा धोका मात्र मोठा.

प्रश्न : आमच्याकडे यांची २०० किलोमीटरच्या बीआरएमची तयारी चालू आहे. दर रविवारी चारला निघतात, मित्रांसोबत रामटेकला जाऊन येतात. नऊ-दहाला घरी, आणि मग संध्याकाळपर्यंत झोप. मुलं वाट बघत राहतात. सायकल बंद करा असं मला म्हणायचं नाही, पण रविवार असा किती दिवस जाणार?

तुमच्या पत्रावरून दिसतं ते असं की तुमचा रविवार सायकलीने फारसा जात नाही, त्यानंतरच्या झोपेने जातो. ती झोप टाळता येते. रामटेक जाऊन-येऊन शंभराच्या आसपास किलोमीटर होतात. ठणठणीत माणसाने एवढ्या अंतरानंतर दिवसभर आडवं होण्याचं कारण नाही. तसं होत असेल तर बहुधा दोन गोष्टी बिघडलेल्या असतात: वेग जास्त आणि खाणं कमी.

आधी वेग. बीआरएम म्हणजे ठरलेल्या मुदतीत लांब पल्ला सायकलने पूर्ण करायचा उपक्रम, ही शर्यत नसते. २०० किमीला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी १५ किमीसुद्धा लागत नाहीत. ताशी २२ ने चालवलं तरी चालवण्याचे नऊ-सव्वानऊ तास होतात आणि चार तास हाताशी उरतात. मित्रांच्या घोळक्यात ताशी तीसच्या मागे लागून जे कमावलं जातं त्याचा या पल्ल्याला उपयोग कमी. रविवारी असा वेग ठेवायचा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. आठवड्यातून एकदा जोर लावायला हरकत नाही, तो मंगळवारी-गुरुवारी तासाभरात लावावा.

आता खाणं. शरीरातला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या कर्बोदकांचा) साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतो. पहाटे उपाशीपोटी निघून चार तास जोरात चालवली की तो तळाला जातो, आणि दुपारी येते ती गुंगी बरीचशी त्याचीच असते. निघताना एक केळं किंवा दोन-तीन खजूर खावेत. मग पहिल्या अर्ध्या तासापासून तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत, भूक लागायची वाट बघू नये. घरचं पेय पुरतं: एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ (सुमारे दीड ग्रॅम) आणि अर्ध्या लिंबाचा रस. साखर वजनकाट्यावर एकदाच मोजून घरातल्या चमच्याचं माप ठरवून ठेवा. अंदाजाने घातलेली साखर नेहमी कमी पडते. ७५० मिलीची एक बाटली म्हणजे सदतीसेक ग्रॅम, त्यात एक छोटं केळं धरलं की तासाचा हिशोब जमला.

पाणी किती प्यायचं हेही मोजता येतं. निघण्याआधी कपड्यांशिवाय वजन करावं. तासभर चालवून आल्यावर अंग पुसून पुन्हा करावं. समजा ७१.० चं ७०.२ झालं आणि वाटेत अर्धा लिटर प्यायलं, तर घाम तासाला १.३ लिटर. हा आकडा एप्रिलमध्ये आणि डिसेंबरमध्ये वेगळा येणार, म्हणून दोन्ही ऋतूंत मोजा. घट वजनाच्या दोन टक्क्यांत राहिली तर ठीक. वजन वाढून परत आलं तर मात्र पाणी जास्त झालं आहे. रक्तातलं सोडियम त्याने पातळ होतं आणि ते घटीपेक्षा धोक्याचं आहे.

परतल्यावर तर्री पोहे हा नागपूरचा रिवाज चांगलाच आहे, कर्बोदकं आणि मीठ दोन्ही मिळतात. प्रथिनं कमी पडतात, त्यासाठी सोबत दोन-तीन अंडी किंवा मोठी वाटीभर दही आणि थोडं पनीर घ्यावं. मग अर्ध्या तासाची झोप, गजर लावून. दुपार मुलांची.

परत यायची वेळ निघायच्या आधी ठरवून घ्या आणि ती पंक्चर धरून ठरवा. साडेनऊ म्हटलं तर साडेनऊ. शेवटी चहाला थांबणं कमी झालं तरी तयारीचं काही बिघडत नाही. आणि लांबची सायकल दर रविवारी नको. महिन्यात तीन रविवार पुरेत, चौथा घरचा. चौथा आठवडा तसाही हलका ठेवायचाच असतो, शरीर बांधलं जातं ते त्यात.

प्रश्न : मी शिक्षिका आहे, धरमपेठेत राहते. जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन धावायची आहे. दोन डबे, सासूबाईंचा चहा, साडेसातला शाळा. रोज ४५ मिनिटांपलीकडे निघत नाही, आणि डिसेंबरात सहाला मिट्ट काळोख असतो.

४५ मिनिटं दोन दिवस, शनिवारी तासभर आणि रविवारची लांब धाव, एवढ्यावर मॅरेथॉन होते. लांब धाव १४ किलोमीटरपासून हळूहळू ३० पर्यंत न्या, दर चौथ्या आठवड्यात कमी करा. २८ ते ३० किमीच्या दोन-तीनच पुरेत, शेवटची शर्यतीच्या तीन आठवडे आधी. साडेतीन तासांच्या वर जाऊ नका, त्यापुढे फायद्यापेक्षा थकवा जास्त पदरात पडतो. एखाद्या रविवारी पाहुणे असले तर शनिवारी संध्याकाळी १२ आणि रविवारी पहाटे १६ असे दोन तुकडे करा. दमलेल्या पायांवर धावायचा सरावही होतो.

धावण्याच्या दोन सकाळी डबे तुमच्याकडे नकोत. पतीला एकदा तोंडी सांगून भागत नाही. कॅलेंडरवर मंगळवार-गुरुवार त्यांच्या नावाने लिहा. कणीक रात्री मळून ठेवा, भाजी चिरून ठेवा, म्हणजे पहिल्या आठवड्यात गोंधळ होऊन सगळं पुन्हा तुमच्या अंगावर येणार नाही.

काळोखात सिव्हिल लाइन्समधल्या वॉकर्स स्ट्रीटसारखी, चालणाऱ्यांची वर्दळ असलेली जागा निवडा, शक्यतो जोडीने. सेमिनरी हिल्सचा चढ उजाडल्यावरच घ्या, पण घ्या. मुंबईत परतीच्या टप्प्यात पेडर रोडचा चढ दमलेल्या पायांनी काढायचा असतो. कुत्री अंगावर आली तर पळू नका; थांबा, तोंड त्यांच्याकडे ठेवून सावकाश चालत बाजूला व्हा.

नागपूरकरांचा घात होतो तो वेगळ्याच गोष्टीने. आपण डिसेंबरच्या दहा-बारा अंशांच्या कोरड्या पहाटे धावतो आणि मुंबईच्या दमट हवेत जाऊन तोच वेग धरतो. उन्हाची सवय अंगात मुरायला १० ते १४ दिवस लागतात. शेवटच्या दोन आठवड्यांत सुटीच्या दिवशी, आणि शाळेतून लवकर परतता येईल त्या दिवशी, दुपारच्या उन्हात ४० मिनिटं अगदी संथ धावा. चार-पाच वेळा तरी जमवा.

सोप्या वेगालाही दम लागत असेल तर जास्त धावू नका, हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. आणि जेवणाला लागून चहा नको, लोह नीट शोषलं जात नाही. तासाभराचं अंतर ठेवा.

प्रश्न : फ्लॅटमध्ये पहाटे ट्रेनर लावतो. खालच्या घरातून आवाजाची तक्रार आहे आणि वीस मिनिटांत माझे ठोके भलतेच वाढतात.

खाली जाते ती थरथर. जिममध्ये असतात तशा जाड रबरी टाइल्स पायांखाली घाला आणि ट्रेनर भिंतीला चिकटवून ठेवू नका. टायर गुळगुळीत हवा, खाचांचा टायर घरघरतो. ट्रेनरचा रोलर (टायरवर दाबला जाणारा फिरता दांडा) टायरला टेकल्यावर नॉबचे दोन-तीन फेरे पुरेत. सैल राहिला तर टायर घसरून झिजतो, फार आवळला तर आवाज वाढतो. मागच्या चाकाला ट्रेनरसोबत आलेलाच स्टीलचा स्क्यूअर (चाक धरून ठेवणारी आसातली दांडी) लावा.

ठोके वाढतात ते उष्णतेने. शरीर खर्च करतं त्या ऊर्जेतला साधारण तीन-चतुर्थांश भाग उष्णता होतो आणि घरात समोरून वारा नसतो. छातीच्या उंचीवर, मीटरभर समोर मोठा पंखा लावा. कूलर मे महिन्याच्या कोरड्या हवेत उत्तम, पण समोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत तो दमटपणा साठवतो, घाम वाळत नाही आणि अंग तापत जातं. पाऊस सुरू झाला की कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालवा.

घाम सायकलीवर पडू देऊ नका. हँडलवर टॉवेल टाका, उतरल्यावर हँडल जिथे सायकलीला जोडलेलं असतं तिथले (स्टेमचे आणि हेडसेटचे) बोल्ट ओल्या फडक्याने पुसून कोरडे करा. मिठाने ते आतून गंजतात आणि गरज पडते त्या दिवशी निघत नाहीत.

प्रश्न : नवरात्राचे नऊ दिवस उपवास असतो आणि नेमक्या तेव्हाच लांब धावा येतात.

फराळाचा उपवास असेल तर अडचण कमी. साबुदाणा, बटाटा, रताळं, केळी, खजूर यांत कर्बोदकं भरपूर. प्रथिनांसाठी दूध, दही, पनीर, शेंगदाणे. खिचडीत तूप आणि दाण्याचं कूट असतं, ती पचायला तीन तास द्या. नुसत्या पाण्यावर उपवास असेल तर लांब धाव घटस्थापनेआधी उरकून घ्या आणि नऊ दिवस ४५ मिनिटांच्या वर जाऊ नका.

प्रश्न : मुलाला डेंग्यू झाला होता. दहा दिवस पाऊल बाहेर टाकलं नाही. शर्यत सहा आठवड्यांवर आहे. बुडालेलं कसं भरून काढू?

भरून काढू नका. दहा दिवसांत गेलेलं बरंचसं आठवडा-दीड आठवड्यात परत येतं. बुडालेला भार एकदम उचलला तर पोटरी किंवा गुडघा दुखावतो आणि मग सहा आठवडेही जातात. पहिला आठवडा नेहमीच्या साठ टक्के, सगळा संथ. दुसरा ऐंशी टक्के, त्यात जोराचा एकच दिवस. तिसऱ्या आठवड्यात पूर्ण भार आणि त्यातच सर्वांत लांब सराव. शेवटचे तीन आठवडे भार उतरवत न्यायचा: आधी वीस टक्के कमी, मग चाळीस, मग साठ, पण छोटे जोरकस तुकडे शेवटपर्यंत ठेवायचे. मुलाच्या उशाशी जागरणं झाली असतील तर या पहिल्या आठवड्याआधी तीन रात्री पुरती झोप घ्या. आणि तुम्हालाही ताप येऊन गेला असेल तर हे वेळापत्रक बाजूला ठेवा. डॉक्टरांनी प्लेटलेट बघून परवानगी दिल्याशिवाय धावू नका. डेंग्यूनंतरचा अशक्तपणा कित्येक आठवडे टिकू शकतो.