गुंड उचलण्याच्या आधीच

"मॅडम, त्या दिवशी म्या भरला गुंड उचलला. त्यानंच गेलं ना पोटातलं?"

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी समुपदेशक आहे. गुंड म्हणजे पाणी भरायचं भांडं. हाच प्रश्न कधी गुंडाच्या जागी पपई, कधी एसटीचे धक्के, कधी ओलांडलेलं लिंबू घालून माझ्यापुढे येतो. विचारणारी बहुतेक वेळा उत्तर घरूनच घेऊन आलेली असते. रेखाचंही (नाव बदललंय) तसंच. वय 26, दुसरा गर्भपात, नववा आठवडा. शेजारी सासू, गालात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी.

"गुंड कधी उचलला?"

"तान्ह्या पोयाले. रातीच अंगावरून जायला लागलं."

तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची सोनोग्राफी फाइलीत होती. पाळीच्या तारखेनं नऊ आठवडे भरत होते, पण गर्भाची वाढ सातव्यालाच थांबलेली, ठोके नाहीत. मी कॅलेंडर तिच्यापुढे ठेवलं. गुंड उचलला तेव्हा गर्भाची वाढ थांबून दोनेक आठवडे झाले होते. तिनं बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. ‘तुझा दोष नाही’ हे मी हजारदा म्हणून पाहिलंय. त्यापेक्षा हे मोजणं जास्त पोचतं.

रोजचं घरकाम, पिकलेली पपई, एसटीचा प्रवास यांनी नीट वाढणारा गर्भ पडत नाही. दिवस गेल्याचं कळलेल्या 100 जणींपैकी 10 ते 20 जणींच्या बाबतीत असं होतं, तेही बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या वेळा गर्भाच्या गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते. 46 हवीत, तिथे 45 किंवा 47.

"सरकीतबी फोल निंगते," सासू म्हणाली.

सरकीचं खरं, पण बी आणि वावर ही उपमा मला आवडत नाही. तिच्यात बाईचं नुसतं वावर होतं आणि पीक बुडालं की बोल वावराला. मी म्हटलं, "मावशी, इथं अर्धं बी तिचं, अर्धं तुमच्या लेकाचं." सासू खिडकीकडे बघायला लागली.

मग रेखा हळूच बोलली. "मॅडम, खर्रा म्याबी खातो. वेचणीले गेलो का बाया देतात."

इथे मी अडखळते. तंबाखू गरोदरपणात घातक आहे, गर्भपाताचा धोकाही वाढवते, हे लपवायचं नाही. पण आत्ताच खांद्यावरून उतरलेला गुंड परत तिच्या डोक्यावर द्यायचा नाही. म्हणून सांगितलं, "धोका वाढतो म्हणजे याच वेळी त्यानंच झालं, असं नाही. ते आता कोणीच सांगू शकत नाही. पुढच्या वेळेसाठी मात्र आजपासून बंद. फवारणीचं औषध कालवायला, पंपात भरायलाही तू जायचं नाहीस."

एकदा झालं असतं तर मी एवढ्यावर थांबले असते. दोनदा झालं की कारण शोधायला हवं. आटोक्यात नसलेली साखर, थायरॉइड, रक्तात गुठळ्या करणारा एक दोष, गर्भाशयातला पडदा. यांतलं काही सापडलं तर बऱ्याचदा उपचार असतो. आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही बघावा लागतो. त्याचे वाहक पुष्कळ, त्यांना सहसा त्रास नसतो. प्रत्यक्ष आजार असलेल्या बाईला मात्र गरोदरपणात जोखीम असते. रक्तगट निगेटिव्ह असेल तर एक इंजेक्शन लागू शकतं, ते डॉक्टरांना विचारायचं. वयानंही फरक पडतो, विशेषतः पस्तिशीनंतर. रेखाला तो प्रश्न नव्हता. आणि काही जोडप्यांत सगळ्या तपासण्या करूनही कारण हाती लागत नाही. तरी त्यांतल्या पुष्कळ जणींना पुढे मूल होतं.

सिकलसेलची तपासणी नवऱ्याचीही करा, म्हटलं. तो बाहेर लिंबाखाली मोटरसायकलवर बसला होता. सासू उठली, दारातनं बाहेर थुंकली आणि तिथूनच ओरडली, "अरे, इकडं ये! तुहंबी रक्त काढाचं हाय."