कॅसिनो कुणाचा आणि तक्रार कुठे?

प्रश्न : वकीलताई, मे महिन्यात सासूबाईंना घेऊन आम्ही अमेरिकेतल्या एका मूळनिवासी (नेटिव्ह अमेरिकन) जमातीच्या कॅसिनोत गेलो होतो. त्या खेळत नाहीत, रोषणाई बघायला आणि जेवायला आल्या होत्या. बुफेजवळच्या ओल्या फरशीवर घसरल्या आणि मनगट मोडलं. प्रवासी विम्याने निम्मंच बिल दिलं. दोन वकील म्हणाले, राज्याच्या कोर्टात ही केस उभी राहणार नाही. माझे दीर म्हणतात, इथल्या न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीत पडल्या असत्या तर सरळ दावा लावता आला असता. मग या कॅसिनोंना कायदाच नाही का?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : आधी अपघाताची तारीख कागदावर लिहून काढा. का, ते पुढे सांगते.

तुमचे दीर अटलांटिक सिटीबद्दल बरोबर बोलतात. तिथले कॅसिनो खासगी कंपन्यांचे आहेत. १९७६ साली मतदारांनी कौल दिला, १९७८ मध्ये पहिला कॅसिनो उघडला. परवाना राज्याचा आणि देखरेखही राज्याचीच. प्रत्यक्ष कॅसिनोतल्या जुगाराच्या मिळकतीवर ८ टक्के कर आहे. स्लॉट मशीनने किमान ८३ टक्के परतावा द्यायचा, हेही राज्यच ठरवतं. फरशीवर पडलात तर राज्याच्या न्यायालयात जायचं. त्यासाठी मुदत दोन वर्षांची.

जमातीच्या कॅसिनोची मालक कंपनी नसते, एक सरकार असतं. ही एक गोष्ट लक्षात आली की बाकीचं उलगडतं. कॅलिफोर्नियातल्या कॅबझॉन या छोट्या जमातीचा बिंगो आणि पत्त्यांचा खेळ बंद पाडायचा प्रयत्न झाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये निकाल दिला की, जे राज्य स्वतः असे खेळ चालू देतं त्याला आपले नियम जमातीच्या भूमीवर लादता येणार नाहीत. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा करून जमातींच्या खेळांचे तीन वर्ग पाडले. पारंपरिक खेळ पूर्णपणे जमातीच्या हाती राहिले. बिंगोवर जमात आणि जमातींच्या जुगारावर देखरेख करणारा राष्ट्रीय आयोग दोघांची नजर. स्लॉट, रूलेट, ब्लॅकजॅक यांसाठी मात्र जमातीला राज्याशी करार करावा लागतो. आयोगाच्या तीन सदस्यांपैकी किमान दोघे जमातींचे असावे लागतात. नफा कुठे खर्च करायचा हेसुद्धा कायद्यात लिहिलं आहे : जमातीचा कारभार, लोकांचं कल्याण, आर्थिक विकास, दानधर्म, स्थानिक संस्थांना मदत. अटलांटिक सिटीतल्या भागधारकांवर असं कुठलंच बंधन नाही. कनेक्टिकटमधल्या दोन्ही जमाती स्लॉटच्या उत्पन्नाचा २५ टक्के वाटा राज्याला देतात.

त्यामुळे ‘कायदाच नाही’ हे वाक्य मला पटत नाही, आणि खरं सांगायचं तर ते मला लागतंही. कनेक्टिकटमधल्या पीकॉट जमातीच्या फॉक्सवुड्स कॅसिनोपासून जवळच त्या जमातीचं संग्रहालय आहे. मी पहिल्यांदा तिथे गेले ती एका केसच्या कामासाठी, तासाभरात निघायचं ठरवून. संध्याकाळपर्यंत थांबले. १६३७ मध्ये मिस्टिकजवळ या लोकांचं गाव जाळलं गेलं. पुढच्या वर्षीच्या तहाने त्यांचं नाव उच्चारण्यावरही बंदी घातली. १९७० च्या सुमारास त्यांच्या राखीव जमिनीवर मोजकी माणसं उरली होती. केंद्र सरकारची मान्यता मिळाली १९८३ मध्ये, बिंगो १९८६ मध्ये, कॅसिनो १९९२ मध्ये. त्यांचं सार्वभौमत्व ही कुणी दिलेली सवलत नाही. ते अमेरिकेच्या राज्यघटनेच्याही आधीचं आहे.

मात्र त्याच सार्वभौमत्वामुळे तुमचे दोन वकील मागे सरले. सरकारवर त्याच्या संमतीशिवाय दावा लावता येत नाही आणि जमातही सरकारच आहे. पण बऱ्याच जमातींनी जखमी पाहुण्यांसाठी ही संमती स्वतःच मर्यादित स्वरूपात दिलेली असते. कनेक्टिकटमधल्याच मोहेगन जमातीचं तर अशा वादांसाठी स्वतंत्र न्यायालय आहे. तेव्हा तुम्ही गेलात त्या कॅसिनोच्या जमातीचा नुकसानभरपाईचा कायदा आणि राज्याशी झालेला करार, दोन्ही मिळवा. नोटीस कुणाला द्यायची, किती दिवसांत आणि कोणत्या न्यायालयात जायचं, हे त्यातच सापडेल.

आता तारखेबद्दल. माझ्याकडे एक आजोबा आले होते, अपघाताला चौदा महिने झाल्यावर. राज्याची दोन वर्षं डोक्यात धरून ते निवांत होते. त्या जमातीच्या कायद्यात मुदत एक वर्षाची होती. सगळी कागदपत्रं व्यवस्थित होती, फोटोही होते, तरी मला काहीच करता आलं नाही. ते जिना उतरून गेले तेव्हाचा त्यांचा चेहरा अजून डोळ्यांपुढे येतो. म्हणून या आठवड्यातच तुमच्या कॅसिनोच्या जमातीच्या न्यायालयात काम करणारा वकील गाठा. कॅसिनोने त्या दिवशी भरून घेतलेल्या अपघात-अहवालाची प्रत मागा आणि कॅमेऱ्याचं चित्रीकरण जपून ठेवा, असं त्यांना लेखी कळवा. चित्रीकरण पुसलं गेलं की परत मिळत नाही.

प्रश्न : नाशिकहून आलेल्या माझ्या भावाला स्लॉटवर ४,००० डॉलर लागले. हातात २,८०० पडले. खासगी कॅसिनोत गेलो असतो तर पूर्ण मिळाले असते का?
— एक वाचक, न्यूयॉर्क

उत्तर : नाही. ही ३० टक्के कपात केंद्रीय कराची आहे. अनिवासी परदेशी माणसाला ती जमातीच्या आणि खासगी, दोन्ही कॅसिनोंत सारखीच लागते, आणि भारताशी असलेल्या करारात जुगाराला सूट नाही. ब्लॅकजॅक किंवा रूलेटवर जिंकले असते तर ही कपात झाली नसती. त्यांना मिळालेला १०४२-एस फॉर्म, म्हणजे कर कापल्याची नोंद, जपून ठेवायला सांगा. भारतात विवरणपत्र भरताना ही रक्कम दाखवावी लागेल, आणि इथे भरलेल्या कराचं श्रेय मागायला तोच पुरावा आहे.