वाचकांचे प्रश्न: सगळं दोनदा का सांगितलंय?

प्रश्न: मी खानापूर तालुक्यातला, बेळगावात एमए मराठी करालोय. बायबलातली स्तोत्रसंहिता वाचायला घेतलीय, पण एकच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखी वाटते आणि यमक तर कुठंच नाही. मग ह्याला कविता कसं म्हणायचं? हिब्रू येत नसेल तर अभ्यास होतो काय?

उत्तर: होतो की! आणि तुम्हाला जिथं 'दोनदा' वाटतंय ना, कविता तिथंच आहे. 114वं स्तोत्र काढा, इस्राएल लोक मिसरातनं, म्हणजे इजिप्तातनं, बाहेर पडले त्याचं. अर्थ साधारण असा: समुद्रानं बघितलं नि पळाला, यार्देन नदी माघारी फिरली, डोंगरांनी एडक्यांसारख्या उड्या मारल्या, टेकड्यांनी कळपातल्या पिल्लांसारख्या. आता शेवटची जोडी नीट बघा, टेकड्यांना क्रियापदच नाही, मूळ हिब्रूतही नाही, ते डोंगरांच्या ओळीतनं आपणच घ्यायचं, आणि वाचलेल्या जागेत कवीनं एका शब्दाऐवजी 'कळपातली पिल्लं' असं दोन शब्दांचं टाकलंय, म्हणजे वजन परत सारखं. किती सुंदर काम आहे हे!

ऑक्सफर्डच्या रॉबर्ट लाउथनी 1753 मध्ये छापलेल्या व्याख्यानांत ह्या जोड्यांची तीन गटांत मांडणी केली, सारख्या अर्थाच्या, उलट अर्थाच्या आणि पुढं नेणाऱ्या. पण नुसते गट पाडत बसलात तर हाताला काही लागायचं नाही. 1981 मध्ये बायबलचे अभ्यासक जेम्स कुगेलनी म्हटलं की दुसरा भाग पहिल्याचा नुसता प्रतिध्वनी नसतो, तो त्यात भर घालतो, आणि मला हेच पटतं. आपल्या जात्यावरच्या ओवीतसुद्धा बऱ्याचदा खरी गोष्ट दुसऱ्या ओळीत येते. म्हणून प्रत्येक जोडीला एकच विचारायचं, दुसरीनं नवीन काय आणलं?

हिब्रूशिवाय निसटतं ते अक्षरांचं. इ.स.पू. 586 मध्ये बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, सैन्यानं यरुशलेम पाडलं, त्या दुःखाचं बायबलातलं 'विलापगीत' हे पुस्तक बघा. हिब्रू वर्णमाला 22 अक्षरांची, पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या अध्यायात 22-22 वचनं, एकेक एकेका अक्षरानं सुरू, तिसऱ्यात प्रत्येक अक्षराला तीन म्हणून 66. पाचव्यातही 22च आहेत पण अक्षरांचा क्रम नाही, आकडा राहिला नि माळ तुटली, आणि हे मराठीत वाचताना अजिबात दिसत नाही. तेवढ्यासाठी तरी 22 अक्षरं शिकून घ्या, व्याकरण नंतर बघता येईल. आणि 114 आधी मोठ्यानं वाचा, आठच वचनं आहेत.